वाटीचं दुखणं: कोणता फोटो, कधी काढायचा आणि रिपोर्ट कसा वाचायचा

माझ्याकडे गुडघा घेऊन येणारी माणसं बहुतेक वेळा फाईल आधी पुढे करतात. एक्स-रेच्या फिल्म, एमआरआयची सीडी आणि रिपोर्टचा कागद. त्या कागदावर कुणीतरी पेनानं एक ओळ अधोरेखित केलेली असते, आणि "वाटी घासली गेलीय म्हणे माझी" हे सांगताना माणसाचा आवाज बारीक होतो. फिजिओथेरपिस्ट म्हणून मी ती फाईल थोडा वेळ बाजूला ठेवते आणि विचारते, एका बोटानं दाखवा, नेमकं कुठे दुखतं?

फाईल मी नंतर नीट बघतेच. योग्य वेळी, योग्य कोनातून काढलेल्या एका साध्या एक्स-रेनं महिनोन्‌महिने चाललेला घोळ मिटलेला मी पाहिला आहे. पण फोटो आकार दाखवतो, दुखणं दाखवत नाही. बोट जिथे टेकतं आणि फोटोत जिथे बिघाड दिसतो, त्या दोन जागा जुळल्या तरच कारण सापडलं असं म्हणता येतं. वाटीभोवती दुखतंय आणि कुणीतरी "एकदा फोटो काढून घ्या" असं सुचवलंय, अशांसाठी हे पायरीपायरीनं लिहिते आहे.

आधी वाटी म्हणजे काय ते बघू

मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा भाग, गुडघ्यावरून खाली नडगीच्या हाडाला जाऊन चिकटते. त्या कंडरेतच वाटी, म्हणजे गुडघ्यासमोरचं गोलसर हाड, बसलेली असते. मांडीच्या हाडाच्या टोकाला एक खोबण असते आणि गुडघा वाकवला की वाटी तिच्यातून खालीवर सरकते. पाय सरळ असताना वाटी खोबणीच्या जरा वर, सैलसर असते. साधारण 20 ते 30 अंश वाकल्यावर ती खोबणीत नीट बसते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे फोटोचा कोन ठरवताना तो लागणार आहे.

वाटीच्या मागच्या बाजूला गुळगुळीत कूर्चा असते. शरीरातल्या सगळ्यांत जाड कूर्चेपैकी ही एक, काही ठिकाणी 5 मिलिमीटरच्याही पुढे. ती इतकी जाड असण्याला कारण आहे. 1972 साली झालेल्या मोजमापानुसार सपाट जमिनीवर चालताना वाटीवर शरीराच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास दाब येतो, जिना चढता-उतरताना तिपटीहून जास्त आणि खोल उकिडवं बसताना सातपटीहून जास्त. म्हणूनच वाटीचं दुखणं सपाट रस्त्यावर गप्प असतं आणि जिन्यावर बोलतं.

आता महत्त्वाची गोष्ट. कूर्चेला नसा नसतात, त्यामुळे तिला स्वतःला दुखत नाही. दुखतं ते तिच्याखालच्या हाडाला, सांध्याच्या अस्तराला, वाटीखालच्या चरबीच्या गादीला आणि वाटीला बाजूंनी धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांना. स्कॉट डाय या अमेरिकी अस्थिशल्यविशारदानं 1998 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यानं दुर्बीण आत घालण्यापुरती त्वचा बधिर करून घेतली, सांध्याच्या आत भूल न देता स्वतःच्याच गुडघ्यांचे आतले भाग टोचून घेतले आणि कुठे काय जाणवतं ते नोंदवलं. वाटीच्या कूर्चेला टोचल्यावर काहीच दुखलं नाही. अस्तर आणि चरबीची गादी यांना हात लागताच मात्र तीव्र कळ आली. रिपोर्टमध्ये "कूर्चा झिजली" असं वाचून घाबरणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते.

पायरी 1: बोट ठेवा

खुर्चीवर बसा, पाय सैल सोडा आणि दुखऱ्या जागेवर एकच बोट ठेवा.

बोट ठेवताच येत नसेल, हात वाटीभोवती गोल फिरत असेल, "आतमध्ये, मागे कुठेतरी" असंच सांगता येत असेल, आणि जिने उतरताना, उकिडवं बसताना किंवा बराच वेळ गुडघा दुमडून बसल्यावर उठताना दुखत असेल, तर ते वाटी आणि खोबण यांच्या सांध्याचं दुखणं असण्याची शक्यता मोठी. याला डॉक्टर पटेलोफिमोरल पेन म्हणतात.

बोट वाटीच्या खालच्या टोकावर अचूक टेकत असेल आणि उड्या मारण्याच्या खेळात ते वाढत असेल, तर कंडरेकडे बघावं लागेल. त्याहून खाली, नडगीच्या वरच्या उंचवट्यावर दुखत असेल आणि दुखणारं मूल 10 ते 15 वर्षांचं, धावणारं-खेळणारं असेल, तर तो वाढत्या हाडावरचा ताण असतो. त्याचं नाव ऑसगुड-श्लॅटर. ते भारदस्त आहे, पण बहुतेक मुलांमध्ये फोटोशिवायही ओळखता येतं. वाटीच्या वर, त्वचेच्या लगेच खाली मऊ पिशवीसारखी सूज असेल, तर विचारा: गुडघे टेकून काम करता का? ती पिशवी वेगळी आणि सांध्याच्या आत भरलेलं पाणी वेगळं.

"वाटी निसटते", "एकदा बाजूला सरकली होती", असं असेल तर प्रश्न दुखण्याचा कमी आणि अस्थिरतेचा जास्त असतो. मग फोटोंचा क्रमही बदलतो.

एक इशारा इथेच देते. मूल किंवा किशोरवयीन मुलगा-मुलगी गुडघा दुखतो म्हणत असेल, पण गुडघ्यावर दाबून कुठेच दुखत नसेल आणि चाल लंगडी असेल, तर खुब्याचा एक्स-रे काढायला हवा. खुब्यातल्या हाडाचं टोक वाढीच्या रेषेवरून सरकलं तर दुखणं गुडघ्यात जाणवतं. गुडघ्याचे फोटो काढत बसलं की मोलाचे दिवस निघून जातात.

पायरी 2: फोटो लागतो का, हे ठरवा

कुठे न पडता, मार न लागता, हळूहळू सुरू झालेलं, जिन्यावर आणि उकिडवं बसताना वाढणारं वाटीचं दुखणं तपासणीच्या टेबलावरच ओळखता येतं. त्याचं निदान करणारा असा कुठलाही फोटो नाही. सगळ्यांत उपयोगी चाचणी म्हणजे उकिडवं बसून बघणं. तेव्हा वाटीभोवती दुखलं आणि बाकी गुडघा शांत असला, तर सहसा मांडीच्या आणि खुब्याच्या स्नायूंचे व्यायाम आधी सुरू होतात. काही आठवडे ते नीट करूनही फरक पडला नाही, तर फोटोचा विचार.

पण काही वेळा थांबायचं नसतं. पडल्यावर किंवा मार लागल्यावर केव्हा एक्स-रे काढायचा, याचे सोपे नियम कॅनडातल्या ओटावामध्ये तयार झाले आणि 1995 पासून जगभर वापरले जातात. वय 55 किंवा जास्त असेल. फक्त वाटीवरच दाबून दुखत असेल. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, पायाच्या बारीक हाडाच्या डोक्यावर दुखत असेल. गुडघा 90 अंशांपर्यंत वाकत नसेल. मार लागल्यावर आणि तपासणीच्या वेळीही चार पावलं टाकता येत नसतील. यातली एकही गोष्ट असेल तर एक्स-रे.

याखेरीज रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप आणि गरम, सुजलेला गुडघा, कारण नसताना घटणारं वजन, गुडघा अडकून बसणं, वाटी निसटल्यावर लगेच भरलेला गुडघा: यातलं काही असेल तरी थांबायचं नसतं. तरुण मुलांमध्ये हाडाच्या गाठी गुडघ्याच्या आसपासच जास्त आढळतात, म्हणून रात्रीचं, विश्रांतीतही न थांबणारं दुखणं मी कधीच "खेळताना ओढलं असेल" म्हणून सोडून देत नाही. तिथे साधा एक्स-रे त्याच आठवड्यात हवा. ताप आणि गरम गुडघा असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

पायरी 3: एक्स-रे, पण तिन्ही बाजूंनी

एक्स-रेत हाड दिसतं, कूर्चा दिसत नाही. तरी सुरुवात इथूनच करायची, कारण तो झटपट होतो आणि किरणांचा डोसही अगदी थोडा. गुडघ्याच्या एका एक्स-रेत मिळणारे किरण निसर्गातून आपल्याला एका दिवसात मिळतात त्याहून कमी असतात.

नवख्यांची फसगत इथे होते. वाटीसाठी आलेल्या माणसाचे समोरून आणि बाजूने असे दोनच फोटो काढले जातात. समोरच्या फोटोत वाटी मांडीच्या हाडावर पडलेल्या सावलीसारखी दिसते, खोबण दिसतच नाही. वाटीचा विचार असेल तर तिसरा फोटो हवाच: गुडघा वाकवून, वाटीच्या कडेनं किरण सोडून काढलेला. त्याला स्कायलाइन किंवा मर्चंट व्ह्यू म्हणतात. डोंगराच्या कडेवर सूर्य टेकावा तशी वाटी खोबणीवर टेकलेली दिसते. आपल्या चिठ्ठीवर हा व्ह्यू लिहिला आहे का ते बघा. नसेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, यात काही गैर नाही.

कोन किती, यालाही महत्त्व आहे. मर्चंट यांनी 1974 साली मांडलेल्या पद्धतीत गुडघा 45 अंश वाकवतात. खूप वाकवून, 90 अंशांच्या पुढे काढलेल्या फोटोत वाटी खोबणीत खोल दडलेली असते आणि सगळं सुरळीत दिसतं. वाटी डगमगते ती सुरुवातीच्या 20-30 अंशांत. त्यामुळे कमी कोनातला फोटो काढायला अवघड असला तरी तोच जास्त सांगतो.

बाजूचा फोटो गुडघा 30 अंश वाकवून, मांडीच्या हाडाची दोन्ही गोलाकार टोकं एकावर एक येतील अशा बेतानं काढायचा असतो. तो तिरका आला तर पुढची सगळी मोजमापं चुकतात. समोरचा फोटो उभं राहून, पायावर भार देऊन काढलेला बरा.

या तीन फोटोंत काय काय बघतात?

वाटीची उंची. वाटीच्या लांबीला तिच्याखालच्या कंडरेच्या लांबीशी ताडून बघतात. 1971 सालचं इन्साल-साल्वाती गुणोत्तर म्हणजे कंडरेची लांबी भागिले वाटीची लांबी. 0.8 ते 1.2 सर्वसाधारण. 1.2 च्या वर गेलं तर वाटी उंच बसली आहे, रिपोर्टमध्ये त्याला पटेला अल्टा म्हणतात. उंच वाटी खोबणीत उशिरा शिरते, आणि तोवर तिला बाजूंचा आधार नसतो.

खोबणीची खोली. स्कायलाइन फोटोत खोबणीच्या दोन उतारांमधला कोन मोजतात. तो साधारण 138 अंशांच्या आसपास असतो. 145 च्या पुढे गेला की खोबण उथळ समजतात. बाजूच्या फोटोतही उथळपणाची एक खूण असते: खोबणीच्या तळाची रेषा पुढे येऊन कडेच्या रेषेला छेदते. फ्रान्समधल्या ल्यों शहरात देजूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बारकाईनं काम केलं. वाटी निसटण्यामागे उथळ खोबण, उंच वाटी, वाटीचा कल आणि नडगीवरच्या उंचवट्याचं बाहेर सरकणं ही चार कारणं त्यांनी 1994 साली मांडली. आजचे रिपोर्ट अजून त्याच चौकटीत लिहिले जातात.

वाटीचा कल आणि बाहेर सरकणं, आणि वाटीच्या बाहेरच्या बाजूची फट. पन्नाशीपुढच्या माणसाची ही फट अरुंद झालेली दिसली आणि कडेला हाडाची टोकं वाढलेली असली, तर वाटीच्या सांध्याचा संधिवात आहे. समोरच्या फोटोत असा गुडघा अगदी निरोगी दिसू शकतो.

आणखी एक. वाटीच्या वरच्या-बाहेरच्या कोपऱ्यात एक वेगळा तुकडा दिसला तर लगेच फ्रॅक्चर समजू नका. सुमारे 2 टक्के लोकांची वाटी वाढताना पूर्ण जुळत नाही आणि दोन भागांचीच राहते. त्या तुकड्याच्या कडा गोलसर, गुळगुळीत असतात; ताज्या फ्रॅक्चरच्या कडा धारदार. दुसऱ्या गुडघ्यातही अनेकदा तसाच तुकडा सापडतो.

पायरी 4: एमआरआय

एमआरआयसाठी येण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: याच्या उत्तरानं माझ्या उपचारात काय बदलणार आहे? उत्तर "काहीच नाही, फक्त बघायचंय" असं असेल, तर थोडं थांबा. वाटी निसटली असेल, गुडघा अडकत असेल, सांध्यात वारंवार पाणी भरत असेल, नीट व्यायाम करूनही महिने गेले असतील किंवा शस्त्रक्रियेचा विचार चालला असेल, तर एमआरआय नक्की करावा.

एमआरआयमध्ये चुंबक आणि रेडिओलहरी वापरतात. एक्स-रेचे किरण नसतात. यंत्राची ताकद साधारण 1.5 किंवा 3 टेस्ला असते. पाय आधी आत जातात, डोकं बहुधा यंत्राच्या तोंडाशी किंवा बाहेर राहतं, त्यामुळे बंद जागेची भीती असणाऱ्यांनाही गुडघ्याचा एमआरआय सहसा जमतो. तरी भीती वाटत असेल तर आधी सांगा. अर्धा तास धरून चला. खडखडाट मोठा असतो, कानाला संरक्षण मिळतं. त्या वेळात पाय हलला की चित्र पुसट होतं. पेसमेकर, कानात बसवलेलं यंत्र, मेंदूतल्या रक्तवाहिनीवरची जुनी क्लिप, डोळ्यात गेलेला धातूचा कण, गर्भारपण, यातलं काहीही असेल तर तंत्रज्ञाला आत शिरण्यापूर्वी सांगा. गुडघ्यातले जुने स्क्रू बहुतेक वेळा धोकादायक नसतात, पण आजूबाजूचं चित्र बिघडवतात. वाटीच्या दुखण्यासाठी शिरेतून रंगद्रव्य द्यावं लागत नाही.

चित्रात कूर्चा दिसते, आणि तिच्याखालचं हाडही. चरबीचा उजेड दाबून काढलेल्या चित्रांत पाणी पांढरंशुभ्र उमटतं, म्हणून हाडाच्या आत आलेली सूज काळ्या हाडात पांढऱ्या ढगासारखी दिसते. वाटीच्या दुखण्यात मी सगळ्यांत आधी हा ढग शोधते. झिजलेल्या कूर्चेपेक्षा त्याचं दुखण्याशी नातं जवळचं वाटतं, कारण हाडाला नसा असतात.

ढग कुठे आहे, हे फार बोलकं असतं. वाटीच्या आतल्या कडेला एक आणि मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या बाजूला दुसरा, असे दोन ढग दिसले तर वाटी निसटून पुन्हा जागेवर आलेली आहे. परत येताना ती त्या हाडावर आपटली, त्याच्या या दोन खुणा. अनेकदा रुग्णाला ते घडलं हेच कळलेलं नसतं, "गुडघा मुरगळला" एवढंच आठवतं. अशा वेळी वाटीला आतून धरणारी पट्टी फाटली आहे का आणि कूर्चेचा तुकडा सांध्यात सुटा पडला आहे का, हे लगेच बघावं लागतं. सुटा तुकडा असेल तर वेळ दवडून चालत नाही.

चरबीच्या गादीच्या वरच्या-बाहेरच्या कोपऱ्यात पांढरेपणा असेल, तर तिथे गादी चिमटली जात असावी. उंच बसलेल्या किंवा बाहेर सरकणाऱ्या वाटीसोबत हे दिसतं, आणि डायच्या प्रयोगानंतर या गादीकडे कुणी दुर्लक्ष करू नये असं मला मनापासून वाटतं. कंडरेच्या वरच्या टोकाला, वाटीखाली जाडी आणि पांढरेपणा असेल तर ते उड्यांच्या खेळाडूंचं दुखणं. आतल्या बाजूला अस्तराची एक घडी असते, प्लायका. ती जाड होऊन वाटीखाली घासत असेल तर तीही दिसते. नुसती घडी असणं हा मात्र आजार नव्हे.

सोनोग्राफी आणि सीटी, थोडक्यात

कंडरा, त्वचेखालची पिशवी आणि सांध्यातलं पाणी यांसाठी सोनोग्राफी चांगली. डॉक्टर गुडघा हलवताना बघू शकतात आणि दुखऱ्या जागेवरच यंत्र टेकवतात, म्हणजे बोट आणि फोटो एकाच क्षणी जुळतात. वाटीमागची कूर्चा तिच्यात नीट दिसत नाही.

सीटी बहुधा शस्त्रक्रियेच्या आखणीसाठी लागतो. मांडीची खोबण आणि नडगीवरचा उंचवटा यांच्यातलं आडवं अंतर त्यात मोजतात, रिपोर्टमध्ये ते टीटी-टीजी म्हणून येतं. 15 मिलिमीटरच्या आत सर्वसाधारण, 20 च्या वर जास्त. हेच अंतर एमआरआयवर मोजलं तर काही मिलिमीटरनं कमी भरतं, गुडघा वाकलेला असला तरीही कमी भरतं. म्हणून एका रिपोर्टमधला 17 आणि दुसऱ्यातला 20 पाहून "वाढलं" असं समजू नका. आधी दोन्ही कशावर मोजले ते बघा.

पायरी 5: रिपोर्ट वाचताना

कूर्चेची झीज चार पायऱ्यांत लिहितात. ही पद्धत 1961 सालच्या आउटरब्रिज यांच्या वर्गीकरणातून आली. पहिली पायरी म्हणजे कूर्चा मऊ किंवा फुगलेली; दुसरी, अर्ध्या जाडीच्या आतल्या भेगा; तिसरी, अर्ध्यापेक्षा खोल; चौथी, खालचं हाड उघडं. आज एमआरआयच्या रिपोर्टमध्ये साधारण याच अर्थानं ते आकडे येतात. "कॉन्ड्रोमलेशिया" हा शब्द दिसला की कूर्चा मऊ पडली एवढाच अर्थ घ्या. ते चित्राचं वर्णन आहे, दुखण्याचं कारण त्यानं सिद्ध होत नाही.

ज्यांना काहीच दुखत नाही अशा लोकांचे गुडघे बघितले तर काय दिसतं? 2020 साली प्रसिद्ध झालेल्या लंडनमधल्या एका अभ्यासात, गुडघ्याची कसलीही तक्रार नसलेल्या, बैठं आयुष्य जगणाऱ्या 115 प्रौढांच्या 230 गुडघ्यांचे 3 टेस्लाचे एमआरआय काढले. 97 टक्के गुडघ्यांत काही ना काही बिघाड सापडला. कूर्चेचा बिघाड 57 टक्क्यांत, हाडाच्या आतला बदल 48 टक्क्यांत. म्हणजे मघाचा माझा आवडता पांढरा ढगसुद्धा एकट्यानं पुरावा ठरत नाही. आणि 2016 साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी वाटी दुखणाऱ्या आणि न दुखणाऱ्या माणसांचे एमआरआय शेजारी ठेवून बघितले, तेव्हा वाटीच्या सांध्यातल्या बिघाडांत दोन गटांमध्ये म्हणण्यासारखा फरक मिळाला नाही.

तेव्हा रिपोर्ट असा वाचा. प्रत्येक ओळीसमोर तीन खुणा करायच्या: ही जागा माझ्या बोटाच्या जागेशी जुळते का, ज्या हालचालीनं दुखतं त्या हालचालीत या जागेवर भार येतो का, आणि हा बदल ताजा आहे की जुना. तिन्हींना "हो, हो, ताजा" आलं तर ती ओळ कामाची. एकही जुळत नसेल तर ती तुमच्या गुडघ्याची जुनी खूण म्हणून नोंदवून ठेवा आणि पुढे जा. ताजं-जुनं ठरवायला रेडिओलॉजिस्ट किंवा हाडांचे डॉक्टर लागतीलच, पण पहिल्या दोन खुणा तुमच्याशिवाय कुणीच करू शकत नाही.

वाटी कललेली आहे एवढ्या कारणावरून, फक्त दुखण्यासाठी, बाहेरची पट्टी सैल करण्याची शस्त्रक्रिया एकेकाळी सर्रास व्हायची. आता तसं करत नाहीत. एका फोटोवरून एवढा मोठा निर्णय कुणी सुचवलाच, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्या.

पडून काढलेला फोटो आणि उभा गुडघा

एमआरआयमध्ये आपण आडवे असतो, पाय जवळपास सरळ, स्नायू सैल. वाटी तेव्हा खोबणीच्या वर विसावलेली असते. दुखतं मात्र उभ्यानं, वाकलेल्या गुडघ्यावर, ताणलेल्या स्नायूंनी. हा फरक भरून काढायला हलत्या गुडघ्याची चित्रं घेण्याच्या पद्धती निघाल्या: पाय सरळ करत असताना जलद सीटी किंवा एमआरआय, आणि काही ठिकाणी उभं राहता येईल असा उघडा एमआरआय.

2003 साली ख्रिस्तोफर पॉवर्स आणि सहकाऱ्यांनी वाटी बाहेर सरकणाऱ्या सहा महिलांचे असे फोटो घेतले. बसून पाय सरळ करताना मांडीचं हाड स्थिर होतं आणि वाटी त्यावर फिरत होती. उभं राहून गुडघे वाकवताना मात्र वाटी फारशी फिरत नव्हती. तिच्याखाली मांडीचं हाडच आत वळत होतं. अभ्यास छोटा होता, पण त्यानंतर वाटीच्या दुखण्यात खुब्याकडे बघण्याची सवय वाढली. मांडीचं हाड आत वळू न देणारे स्नायू खुब्याशी असतात. म्हणूनच गुडघा दुखतो म्हणून आलेल्या माणसाला मी कुशीवर झोपवून पाय उचलायला लावते, तेव्हा त्याला नवल वाटतं.

स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी 2012 साली हाडातली चयापचय क्रिया दाखवणारं पेट (PET) स्कॅन वाटीच्या दुखण्यात वापरून बघितलं. दुखऱ्या गुडघ्यांत वाटीच्या सांध्याचं हाड जास्त क्रियाशील दिसलं, आणि त्यातल्या काही जागा एमआरआयमध्ये साफ होत्या. रोजच्या उपचारात हे स्कॅन वापरत नाहीत, किरणांचा डोसही मोठा असतो. पण "एमआरआय साफ आहे, म्हणजे तुम्हाला काही दुखतच नाही" असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर हे ध्यानात राहू द्या. साफ चित्र असलेला गुडघाही खराच दुखतो.

हलता फोटो सगळीकडे मिळत नाही. त्याऐवजी आरशासमोर एका पायावर उभं राहून हळूच गुडघा वाकवा आणि कुणाला तरी समोरून मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगा. गुडघा आत पडतो का, कमरेची दुसरी बाजू खाली झुकते का, हे डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. फाईलमधल्या फिल्मच्या जोडीला हा दहा सेकंदांचा व्हिडिओ मला फार उपयोगी पडतो.

भेटीला जाताना

बरोबर नेण्याच्या गोष्टी: मूळ फिल्म किंवा सीडी, कारण नुसत्या रिपोर्टच्या कागदावरून कोन आणि कल मोजता येत नाही, पूर्वीचे फोटो, असतील तेवढे, आणि कागदावर काढलेला गुडघा, त्यावर दुखऱ्या जागेची फुली. फुली एमआरआयच्या आधीच काढून ठेवा. रिपोर्ट वाचल्यावर बोट आपोआप रिपोर्टमधल्या जागेकडे सरकतं, हे मी कितीतरी वेळा पाहिलं आहे.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न: माझ्या फुलीच्या जागी फोटोत काही दिसतं का? दिसलं नाही तर उपचार काय? दिसलं तर तो उपचार बदलतो का? बाजूचा फोटो नीट सरळ आला आहे का, मोजमापांवर विसंबता येईल का?

व्यायाम सुरू झाल्यावर दर थोड्या दिवसांनी नवा एमआरआय काढण्याची गरज नसते. गुडघा सुधारतो तेव्हा जिना सोपा होतो, चित्र बऱ्याचदा तसंच राहतं. वहीत किती पायऱ्या न दुखता उतरता आल्या ते आठवड्याला एकदा लिहा. पुन्हा फोटो काढायचा तो नवा मार लागल्यावर, वाटी पुन्हा निसटल्यावर, गुडघा अडकू लागल्यावर किंवा दुखण्याची जागा बदलल्यावर. आणि तेव्हा जुनी सीडी बरोबर न्यायची, म्हणजे रेडिओलॉजिस्टला दोन्ही शेजारी ठेवून बघता येतील.